अर्धी गिटार आईची

पेडण्याचा माझा एक वर्गमित्र आहे. लहानपणी तो शिक्षणासाठी बेळगावात बोर्डिंगमध्ये होता. गोव्यातली पुष्कळ मुले तेव्हा तशी येत. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "अरे, तू ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचास ना? आमच्या पप्पांची गिटार बघून जा. गिब्सन आहे, अमेरिकन. दहा लाखांची वस्तू आहे म्हणतात. तू फक्त तसे एका कागदावर लिहून दे."

दुसऱ्याच दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती डिचोलीला दिलेली. ती म्हणाली, "बाब, काय लिहायचे ते बघून लिहा. त्या कागदावर माझा वाटा ठरणार आहे."

मग सगळा उलगडा झाला. वडील 1994 मध्ये वारले, पण वाटणी कधी झालीच नव्हती. कोणाला घाईही नव्हती. मात्र 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातल्या जमिनीची भाषाच बदलली. मित्राकडे घर आणि त्यामागची काजूची बागायत. त्याने बहिणीला सुचवले होते, "तू पप्पांची गिटार घे आणि वर थोडी रोख रक्कम घे. घर-बागायत मला राहू दे." त्याच्या मनात कपट नव्हते, हे मी पन्नास वर्षांच्या ओळखीवर सांगतो. गिटार दहा लाखांची आहे यावर त्याचा खरोखरच विश्वास होता. हरमलच्या किनाऱ्यावर आलेल्या कोणा परदेशी पाहुण्याने त्याला तसे सांगितले होते.

आपल्या वाचकांसाठी गोव्याच्या कायद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सर्व धर्मांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी धरतात. एक जण गेला तरी दुसऱ्याची निम्मी शाबूत राहते आणि गेलेल्याच्या निम्म्यात मुलगा-मुलगी समान वारस होतात. आपल्याकडे कर्नाटकात आणि महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क 1994 मध्ये मिळाला, सबंध देशात 2005 मध्ये. गोव्यात हा समान वाटा त्याहून कितीतरी जुना. वाटणीसाठी तिथे 'इन्व्हेंटरी' करतात. घरातल्या चीजवस्तूंची यादी होते, प्रत्येकीपुढे किंमत लिहितात, आणि एखादी वस्तू दोघांनाही हवी असली तर वारसांमध्येच बोली लागते. 2012 मध्ये केलेला याबाबतचा नवा कायदा 2016 पासून लागू आहे. म्हणजे यादीत गिटारीपुढे चुकीचा आकडा पडला, तर त्या आकड्याइतकी जमीन बहिणीच्या हातून जाणार होती.

हे सगळे मी घरी सांगितले. आमच्या सौभाग्यवती धारवाडच्या. त्या म्हणाल्या, "हौदेन्री? एका गिटारीवर भाऊ-बहिणीचे नाते? मग तुम्ही जाच."

चोर्ला घाटातून निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली उतरल्यावर केरी, साखळी आणि मग डिचोली. तिथे बहिणीला गाडीत घेतले. अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका. वाटेत ती फारसे बोलली नाही. एवढेच म्हणाली, "पप्पा ती गिटार वाजवायचे तेव्हा आम्हाला हात लावू देत नसत. आता मला तीच देतात, आणि मला ती नको म्हणावे लागते."

बँकेत असताना मी काही वर्षे सोनेतारणाच्या खिडकीशेजारी बसलो आहे. बँकेने नेमलेले सराफ वयोवृद्ध होते. गिऱ्हाईक सांगायचे, "हा हार पणजीचा, पेशवाईतला." सराफ मान डोलवायचे आणि हार कसोटीच्या दगडावर घासायचे. एकदा मला म्हणाले, "साहेब, गोष्ट ऐकून घ्यायची, पण वजन हाराचे करायचे." गिटार बघायला निघताना मला त्यांची आठवण झाली. सोबत मी तीन वस्तू घेतल्या होत्या: एक भिंग, भाच्याच्या दवाखान्यातला दात बघायचा छोटा आरसा, आणि दुकानदार नोटा तपासतात तो निळा दिवा.

मित्राच्या आईच्या खाटेखालून पेटी निघाली. आई नव्वदीची. कान पक्के, डोळे अधू. पेटी उघडली आणि मी क्षणभर सगळे विसरलो. फुगीर तबली, दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकाराची भोके, पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत उतरत गेलेला रंग, आणि डोक्यावर चमकत्या अक्षरांत लिहिलेले 'गिब्सन'.

या जातीच्या गिटारीला 'आर्चटॉप' म्हणतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी ऑरव्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनसारखी कोरून फुगीर केलेली तबली मँडोलिनला आणि गिटारीला बसवली. त्याच्या नावाची कंपनी 1902 मध्ये निघाली. त्या कंपनीची 'एल-5' ही 'एफ' भोकांची गिटार 1922 मध्ये आली आणि पुढे जॅझ बँडांनी ती उचलून धरली. कारण सोपे होते. तेव्हा विजेवरच्या गिटारी नव्हत्या. ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत साध्या गिटारीचा आवाज बुडायचा, हिचा कानावर यायचा.

मुंबईत ही हवा पोहोचली ती तिसाच्या दशकात. लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजला. त्या काळातल्या बँडांमध्ये आणि नंतर सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, कारण चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेले असे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांचा ट्रंपेट आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (1951) या चित्रपटाच्या संगीतात आहे. मित्राचे वडील त्याच वाटेने गेलेले. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गोव्यातल्या गावागावांच्या 'कूड' असत. कूड म्हणजे गावकऱ्यांची स्वस्तात राहायची खोली. एका पलंगावर खलाशी, दुसऱ्यावर वादक. घरात चालत आलेली गोष्ट अशी: पप्पांनी 1945 मध्ये युद्ध संपता संपता एका अमेरिकन सोल्जराकडून ही गिटार विकत घेतली.

मी तपासायला बसलो. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला, आई खाटेवर.

पहिल्यांदा डोके बघितले. गिब्सनच्या गिटारीला डोक्याच्या मुळाशी घंटेच्या आकाराचे छोटे झाकण असते. त्याखाली मानेतली लोखंडी सळई असते, मान वाकली तर ती पिळून सरळ करतात. इथे झाकण नव्हते. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. युद्धाच्या काळात धातूची टंचाई होती, तेव्हा गिब्सनने काही गिटारी सळईशिवाय काढल्या होत्या. मित्राला मी हे सांगितले, त्याचा चेहरा उजळला.

मग मानेच्या वरच्या टोकाला, जिथे तारा एका पट्टीच्या खाचांतून जातात, तिथे बघितले. त्या पट्टीला लागूनच एक जास्तीची फ्रेट होती. तिला शून्य फ्रेट म्हणतात. जर्मन कारागिरांची ती आवडती पद्धत. जुन्या गिब्सनला ती नसते. मी काही बोललो नाही, वहीत लिहून ठेवले.

खोलीच्या खिडक्या लावून निळा दिवा धरला. जुने लाखेसारखे पॉलिश या उजेडात हिरवट झाक देते, आणि मागाहून केलेले काम वेगळे दिसते. सगळी गिटार हिरवट दिसली, डोक्यावरचा नावाचा भाग तेवढा काळाकुट्ट. भिंगातून बघितले तर मूळ डोक्यावर एक पातळ काळी पट्टी चिकटवलेली, आणि अक्षरे त्या पट्टीत बसवलेली. कडेला सरसाची रेघ स्पष्ट दिसत होती.

शेवटी दाताचा आरसा भोकातून आत सरकवला आणि मोबाईलचा उजेड टाकला. कडेला तबलीचे थर दिसले. एका अखंड लाकडातून कोरलेली तबली असली तर लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग जातात. इथे पातळ थर एकावर एक चिकटवून, दाबून आकार दिलेला होता. आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी होती. कसरीने निम्मी खाल्लेली. मॉडेलचे नाव गेले होते. चार आकडी क्रमांक उरला होता, आणि वर कारखान्याचे नाव: हॉफनर.

हॉफनर ही जर्मन कंपनी 1887 मध्ये शोनबाख गावी निघाली. ते गाव आता चेक देशात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनांना बाहेर पडावे लागले, आणि 1950 च्या सुमारास कारखाना पश्चिम जर्मनीत बुबेनरॉइटला नव्याने उभा राहिला. पुढे लंडनच्या सेल्मर कंपनीमार्फत या गिटारी इंग्लंडभर खपल्या. आपल्या समोरची गिटार इंग्रजी चिठ्ठीची, म्हणजे त्या वाटेने आलेली. ती 1945 मध्ये कोणा सोल्जराच्या हातात असणे शक्य नव्हते.

मी हे सांगितले तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग मित्र म्हणाला, "म्हणजे आमचे पप्पा खोटे बोलले?"

या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हते. मी विचारले, जुने फोटो आहेत का? बहीण कपाटातून एक टिनचा डबा घेऊन आली. त्यात बँडचे दोन फोटो निघाले. एकाच्या मागे पेन्सिलीने 1948 लिहिलेले, दुसऱ्याच्या मागे 1966. पहिल्या फोटोत वडील तरुण, मांडीवर 'एफ' भोकांचीच गिटार. पण तिचे दोन्ही खांदे सारखे गोल. दुसऱ्या फोटोत जी गिटार होती तिचा एक खांदा आत कापलेला, वरच्या सुरांपर्यंत बोटे पोहोचावीत म्हणून ठेवतात तसा. आमच्यासमोरच्या गिटारीचाही खांदा कापलेला होता. फोटोत दोन वेगवेगळी वाद्ये होती.

आईला फोटो दिसत नव्हते. पण आमचे बोलणे तिने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "ती वेगळी आशिल्ली."

मग तिने सांगितले. सोल्जराची गिटार खरीच होती. मुक्तीनंतर दोन वर्षांनी, 1963 मध्ये, घरामागची जमीन विकायला निघाली. हातात पैसा नव्हता. वडिलांनी मुंबईत ती गिटार विकली आणि जमीन घेतली. वर्षभर ते दुसऱ्याच्या वाद्यावर वाजवत राहिले. नंतर कुडीतल्या एका खलाशाकडून ही जर्मन गिटार स्वस्तात मिळाली. बँडमास्तर म्हणाला, हॉटेलवाल्यांना अमेरिकन नाव लागते. त्याच्याच ओळखीच्या कारागिराने वर ते नाव बसवून दिले. "मुलांना सांगायला त्यांना लाज वाटायची," आई म्हणाली. "कोणी विचारले की पहिल्या गिटारीची गोष्ट सांगायचे."

म्हणजे दहा लाखांची म्हणून ज्या गिटारीच्या बदल्यात बहिणीने बागायत सोडावी असे चालले होते, ती अमेरिकन गिटार आता बागायतीच्या रूपातच उभी होती.

आता किमतीबद्दल. नाव गिब्सन असले की लाखो रुपये, हा समजही खरा नाही. विसाच्या दशकातली, तेव्हाचे कारखान्यातले तज्ज्ञ लॉइड लोअर यांची सही असलेली 'एल-5' असेल तर किंमत वीस-पंचवीस लाखांच्या पुढे जाते. पण युद्धकाळातली, मधल्या दर्जाची गिब्सन त्याच्या एका छोट्या भागात मिळते. मूळ रंग घालवून नवा दिला असेल, तर किंमत निम्म्यावर येऊ शकते. खुंट्या बदलल्या, मान मोडून जोडली, घोडी दुसरी बसवली, या प्रत्येकाची वजावट होते. आणि बघायचा भाव तो विकल्या गेलेल्या गिटारीचा. विक्रेत्याने सांगितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. कोणी दहा लाख मागतो म्हणजे कोणी दहा लाख देतो असे नाही. हे सोन्यालाही लागू आणि फ्लॅटलाही.

अशा मध्यम जर्मन गिटारी परदेशात चांगल्या स्थितीत असल्या तर साधारण पाऊण ते सव्वा लाखाच्या आसपास जातात. आमच्या गिटारीची मान किंचित उचललेली, एक खुंटी बदललेली, आणि डोक्यावर परके नाव. मी कागदावर लिहिले: "जर्मन बनावटीची हॉफनर, 1950 नंतरची. डोक्यावरील नाव मूळचे नाही. किंमत अंदाजे साठ हजार." पहिल्या गिटारीबद्दल मी फक्त "1948 च्या फोटोत दिसते" एवढेच लिहिले. फोटोवरून ती गिब्सन होती असे लिहून देणे म्हणजे पुन्हा तीच चूक.

मित्राने कागद दोनदा वाचला. "हे नाव काढून टाकू का?" त्याने विचारले. मी म्हटले, काढू नकोस. ते नाव खोटे असले तरी त्यामागची हकिगत खरी आहे, आणि आता ती लेखी आहे. मात्र पुढेमागे कोणाला विकलीस तर हा कागद आणि दोन्ही फोटो सोबत दे. गिऱ्हाइकापासून लपवून विकलीस तर ती वडिलांची लाज राहणार नाही, आपली लबाडी होईल.

पुरावा जपला तर काय होते याचे एक उदाहरण नुकतेच घडले. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला याच हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार घेतली होती. ती 1972 मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली. शोध घेणाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. इंग्लंडमधल्या एका घराच्या पोटमाळ्यावर ती सापडली, कंपनीने तपासून तीच असल्याचे सांगितले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत ती मूळ मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले. याउलट गोव्याच्या घराण्यातले, मुंबईत जन्मलेले जॅझ गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांच्याबद्दल जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांना गिब्सन घेऊन दिली अशी गोष्ट सांगतात. पुढे ते लंडनला गेले आणि 1969 मध्ये त्यांची 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका निघाली. उद्या कोणी "हीच ती महाराणींची गिटार" म्हणून एखादे वाद्य विकायला आणले, तर गोष्ट कितीही गोड असो, क्रमांक आणि फोटो मागावेच लागतील.

वाचकहो, तुमच्याही घरात माळ्यावर जुनी गिटार, बाजाची पेटी किंवा मिरजेचा तंबोरा असेल. गिटार असली तर नाव नीट वाचा. कलकत्त्याकडच्या 'गिवसन' आणि 'हॉबनर' या गिटारी आपल्याकडे घरोघरी आल्या. त्या स्वतःच्याच नावाने विकल्या जात, त्यात लबाडी नाही, पण घाईत वाचणारा गिब्सन आणि हॉफनर वाचतो. वाद्य चकचकीत करून घेऊ नका, पॉलिशवाल्याचे पाचशे रुपये तुमचे पन्नास हजार नेतील. तारांचा ताण थोडा सैल करा. पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते. आतली चिठ्ठी फाटकी असली तरी काढू नका, तिचा फोटो घ्या. आणि सगळ्यात आधी, घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारा. आम्ही ते सगळ्यात शेवटी केले. आधी केले असते तर निळ्या दिव्याची गरजच पडली नसती.

यादी मागच्या आठवड्यात झाली. गिटारीपुढे साठ हजार, बागायतीपुढे आजचा भाव. बहिणीला तिचा वाटा जमिनीत मिळणार, आणि गिटारही तीच घेणार, लिहिलेल्या किमतीला. तिचा मुलगा म्हापशाला गिटार शिकतो. मित्राने एकदाही घासाघीस केली नाही.

घरी येऊन सगळे सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बेले बेरे, किम्मत्तु बेरे." ज्यांच्या घरात दोन्ही भाषा आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्या मराठीत किंमत म्हणजे भाव, तोच शब्द कन्नडमध्ये जाऊन मान होतो, कदर होते. त्या गिटारीची बेले साठ हजार ठरली. किम्मत्तु त्या माउलीला माहीत होती.

निघताना ती मला म्हणाली होती, "कागदावर एक गोष्ट राहिली. कायद्याने निम्मे माझे, म्हणजे अर्धी गिटार माझी. मी आहे तोवर ती माझ्या खाटेखालीच राहील. नातवाने इथे येऊन वाजवावी."

तेही मी कागदावर खाली लिहून दिले.